आक्काच्या दारातली शीव

२०२३ साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, त्यामुळे लिहिण्यात कुठं चुकलं असेल तर ते माझं. पण लिहितो ते खरं आहे.

आमचं गाव राळेगावकडचं, कापसाचं. पोळ्याला आम्ही दाराच्या दोन्ही बाजूला पळसाच्या फांद्या उभ्या करतो, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते मेढे उचलायचे आणि शिवेबाहेर नेऊन फेकायचे. एकानं ओरडायचं, 'खासी-खोकला!' बाकीच्यांनी म्हणायचं, 'घेऊन जा गे मारबत!' ताप, ढेकूण, डास, सगळं मारबतीच्या, म्हणजे रोगराई वाहून नेणाऱ्या त्या बलेच्या, गळ्यात घालून गाव चहाला घरी येतं. पहिला आवाज माझा. तो मान मी कोणाला दिला नाही.

माझी मोठी बहीण, आक्का, नवरा गेल्यावर माहेरी आली. आई वावरात जायची तेव्हा हिनंच मला कडेवर वागवलं. तिला घरकुल मंजूर झालं, पण गावात जागा कुठं होती? मिळाली ती नेमकी शिवेवर. समोरच मेढ्यांचा ढीग. आणि एका ठिकाणी टाकायची सवय लागली की माणूस वर्षभर टाकतो. फुटके माठ, आजाऱ्याची गोधडी, तंबाखू-खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पन्न्या.

त्याच्या दोन वर्षं आधी ग्रामसभेत आक्का उभी राहिली. मेढे जरा पुढं नेऊन टाका म्हणाली. मी लगेच उठलो. "शीव काय कोनाच्या सोयीनं सरकते? माह्या बापानं तिथंच टाकले, मीबी तिथंच टाकीन." लोकांनी माना हलवल्या. आक्का खाली बसली. त्या दिवशी मला भाकर जरा जास्तच गेली.

मग तेवीस साली, पोळा आठ-दहा दिवसांवर असताना, माझी बायको म्हणाली, "तुमच्या बहिणीनं पेटी बांधली जी. पोळा झाला का पुसदले पोरीकडं चालली. कायमची."

मी गेलो. ओसरीवर पत्र्याची पेटी, निळ्या नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेली.

"काहून वो आक्का?"

"वर्साचे वर्साले साऱ्या गावचा रोग माह्या दारात येते. मी काय मारबत आहो का रे बाबू?"

एकाहत्तराव्या वर्षी मला बाबू म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलेलं.

"लोकं काई तुले नाही म्हनत."

"लोकायचं सोड. पयला आवाज कोनाचा असते?"

'नको जाऊ' एवढे दोनच शब्द होते. तोंडापर्यंत आले. ते गिळून मी म्हटलं, "पान्याचे दिवस आहे, पेटी आत ठेव," आणि परत आलो.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर फिरलो. रविवारी गाव झाडायचं. घरामागं एक माणूस, झाडू-फावडं आपापलं. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही.

"आबाजी, सरपंचकीले उभे राह्यता का?" ट्रॅक्टरवाला हसला.

"तुह्यासारखे मतदार असल्यावर कोन उभं राह्यते? ट्रॉली घेऊन ये."

रविवारी वीसेक माणसं आली. नाल्या उपसल्या, देवळामागचं गाजरगवत उपटलं. दहा वाजेपर्यंत गाव ओळखू येईना. मग मी सगळ्यांना आक्काच्या दारासमोर आणलं. तिथं सगळे थांबले. फावडी हातात, पाय जागेवर.

मी हुकूम सोडला, "भरा ट्रॉलीत. पंचायतीच्या खड्ड्यात नेऊन टाकू."

पंचायतीचा खड्डा गावाच्या दुसऱ्या टोकाला. माझी बायको झाडू घेऊन ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. "डोकं आहे का जी? इतक्या वर्साची भायेर टाकलेली बला गावातून मिरवत नेता? माह्या नातवाच्या दारावरून?"

बाया तिच्यामागं गेल्या. गडीही मग एकेक करून सरकले. मी चिडलो. जन्मभर मेढे बाहेर नेले, ते परत आत कसे येतील हा विचार मला शिवलाच नव्हता. इतके दिवस घरोघर फिरलो आणि एवढं सुचलं नाही.

"मंग शिवेच्या अजून भायेर न्या," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "पन तिकडं तं सारे वावरं. कोनाच्या धुऱ्यावर टाकता?"

आक्का दारात उभी राहून ऐकत होती.

आता इतका वेळ लपवलेली गोष्ट लिहितो. आक्काच्या घरापुढं पहिलं वावर माझं आहे. शीव सरकली असती तर माझ्याच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली असती. ग्रामसभेत मी बापाचं नाव घेतलं, पण डोळ्यासमोर माझी कापसाची पऱ्हाटी होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आक्कालाही ठाऊक असावं. ती कधी बोलली नाही.

"माह्या," मी म्हटलं.

"काय माह्या?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

"माह्या धुऱ्यावर टाकू. खड्डा मी खांदतो. यापुढं मेढेबी तिथंच."

"तुमच्या वावरात, आबाजी? पयल्या बारीले म्हने शीव सरकत नाही."

"सरकली. आता तोंड मिट अन् फावडं उचल."

तरी कोणी उचललं नाही. मी सदरा काढून ठेवला आणि कुजलेला एक मेढा नुसत्या हातानं ओढला. खालून गोमा निघाल्या. दुसरा ओढला. कंबर धरली, पण ते दाखवलं नाही. तेवढ्यात बाजूला घमेलं आपटलं.

"सरक बाबू," आक्का म्हणाली. "तुले लहानपनापासून काई धड उचलता येत नाही."

लोक हसले. हसता हसता एकानं फावडं घातलं, मग सगळ्यांनीच. माझी बायको शेवटी आली, तोंडाला पदर बांधून. कुजलेलं ते माझ्या धुऱ्यावर पुरलं. पन्न्यांची पोती बाहेरच्या पांदणीनं, गाडीवाटेनं, फेरा घालून पंचायतीच्या खड्ड्यात गेली. दुपारी आक्काच्या दारासमोर नुसती ओली काळी माती होती. तिनं त्यावर सडा टाकला. पेटी मात्र ओसरीवर तशीच बांधलेली होती. मी विचारलं नाही.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बैल फिरवून आणताना तिच्या घरावरून आलो. इतक्या वर्षांत तिनं दाराला मेढे लावले नव्हते. शिवेवर राहणाऱ्यानं ते नेऊन टाकायचे तरी कुठं? त्या दिवशी दोन्ही बाजूला पळस उभा होता, चौकटीला निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. मी बैलांना हाक दिली आणि पुढं निघालो. डोळ्यात धूळ गेली होती म्हणा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझे मेढे घेतले, तिच्या दारी गेलो, दोरी सोडून तिचेही खांद्यावर टाकले. ती काठी टेकत मागून आली, तिच्या मागं गाव. धुऱ्यावर पोचल्यावर मी ओरडायला तोंड उघडलं, तर तिनं काठी माझ्या छातीशी आडवी धरली.

"आज माहा नंबर," म्हणाली, आणि त्या वयात काय आवाज काढला! "खासी-खोकला!"

"घेऊन जा गे मारबत!"

"ढेकून-डास!"

"घेऊन जा गे मारबत!"

"माह्या भावाचा हट्ट!"

सगळे माझ्याकडं पाहून थांबले. मी चारही मेढे खड्ड्यापलीकडं फेकले आणि एकट्यानं, होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडलो, "घेऊन जा गे मारबत!"