यमाईच्या फ्रेममागचा खिळा

हे मी इतके दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी आधीच सांगून मोकळी होते. हे मात्र कालपर्यंत पोटात ठेवलं. आता सांगायला जड जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

पलूसला आम्ही भाड्यानं राहतो, खालच्या मजल्यावर. वर चाची, त्यांचा मुलगा आणि सून नसीमा. तेही भाडेकरूच. घर देताना मालकांनी अट घातली होती — भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आता मला सांगा, खिळ्याशिवाय संसार होतो का? औंधच्या यमाईची फ्रेम मी माहेराहून आणलेली. ती काय फरशीवर टेकवून ठेवायची? नवरा कामावर गेला आणि मी वरवंट्यानं खिळा ठोकला.

पावसाळा सरला तरी त्या भिंतीची ओल हटेना. आधी रंग फुगला, मग पोपडे, मग काळी बुरशी. कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास. एकदा पुसायला म्हणून फ्रेम काढली, तर खिळ्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं. भिंतीतून पाइप गेलेला होता — आणि तो मीच फोडला होता.

मी काय केलं असेल? अंगाचा साबण भोकात कोंबला, खिळा परत ठोकला आणि त्याच्यावर देवी टांगली. माझ्या खोटेपणाच्या राखणीला देवी बसवली मी!

मालक आले. त्यांनी भिंत बघितली, मग वर छताकडं बघितलं. तेव्हा नुसती गप्प राहिले असते तरी — पण जीभ माझी, ती कुठली राहते? "वरचे लय पाणी सांडतात," म्हणाले मी.

मालक वर जाऊन काय बोलले ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून चाची नमाजाआधी हातपाय धुवायला खाली अंगणातल्या नळावर यायला लागल्या. एका हातानं कठडा, एका हातानं गुडघा धरून, एकेक पायरी. थंडीतसुद्धा. मी खिडकीतून बघायची आणि खिडकी लावून घ्यायची. भिंत काही वाळली नाही — वाळणार कशी? उलट चाचीच एकदा ताटलीत कोळसे घेऊन आल्या. गोधड्यांच्या कप्प्यात ठेव, ओल ओढून घेतात, म्हणाल्या. मी घेतले. वर त्यांना चहासुद्धा पाजला. किती निगरगट्ट असावं माणसानं?

काल सकाळी मालकांचा फोन आला. ओल काही थांबत नाही, आता वरच्यांना घर सोडायला सांगतो, म्हणाले. तिथंच बोलून टाकलं — खिळा माझा आहे, त्यांना काही म्हणू नका. ते चिडले. चिडू देत.

मग वर गेले. चाचींपुढं बसून सगळं ओकले — खिळा, साबण, मालकांना म्हटलेलं ते वाक्य. माफी मात्र मागितली नाही. मागितली असती तर त्यांना ती द्यावी लागली असती.

चाची म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांचं जाऊ दे. मी नसीमाला रोज बोलत हुते, तू पाणी सांडतीस, तुझ्यापायी घर जाईल म्हणून. हे तिला सांग."

हे मला ठाऊकच नव्हतं. माझं एक वाक्य जिना चढून वर गेलं होतं आणि रोज त्या पोरीला टोचत होतं.

नसीमा मोरीत भांडी घासत होती. नळाला करंगळीपेक्षाही बारीक धार. मी उंबऱ्यात उभी राहून तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. वळली आणि नळ पूर्ण सोडला.

मी खाली आले. देवी फरशीवरच टेकवली आहे, भिंत उद्या फोडणार आहेत. डोक्यावर नसीमाच्या मोरीत पाणी धो धो वाजत होतं. कित्येक दिवसांनी मला मोकळं वाटलं. मी ऐकत बसले.