वॉर्डनसाठी आलेलं चांगलं पत्र

"सही करा मॅडम. खुद्द पाळकांनी लिहून दिलंय, आणखी काय पायजे?" चेअरमनसाहेबांनी फाईल पुढं सरकवली.

बेळगावातल्या एका ख्रिस्ती संस्थेत मी एचआर बघते. मुलांच्या होस्टेलला वॉर्डन नेमायचा होता. निपाणीकडच्या होस्टेलवरून आलेल्या उमेदवारानं इंटरव्ह्यूत अशी प्रार्थना केली, की कमिटीतल्या दोघांनी डोळे पुसले. सोबत तिथल्या चर्चच्या पाळकांचं पत्र : 'नम्र, प्रार्थनाशील, मुलांवर माया.'

पण माझा रेफरन्स चेक राहिला होता. म्हणजे माणूस आधी जिथं होता तिथं फोन करून विचारायचं. मी उमेदवाराच्या साहेबाबरोबर त्याच्या हाताखालच्यालाही विचारते. म्हणून आधी तिथल्या स्वयंपाकीण मार्थाआक्कांना फोन लावला.

"बायबलचं वचन पाठ न्हाय झालं, की पोराचं ताट उचलतोय," आक्का म्हणाल्या. "वर म्हणतोय, उपास-प्रार्थना कर! एक पोरगं चक्कर येऊन पडलं. मी पाळकांना जाऊन सांगितलं की गं."

मग पाळकांना फोन.

"चांगलं पत्र दिल्याशिवाय तो जागा सोडंना, मॅडम. आमची पोरं तरी सुटली."

"आणि आमची?"

"तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

मी फोन ठेवला. माझे वडील बेळगावजवळच्या हिंडलगा गावात मजुरी करायचे. आम्ही बौद्ध. शाळेत असताना मी याच संस्थेच्या मुलींच्या होस्टेलवर राहिले. तिथल्या वॉर्डनबाई शेवटची मुलगी जेवल्याशिवाय घास घेत नसत. त्यांनी कधी आमचा धर्म विचारला नाही. घरातली पहिली पदवी मी त्या जेवणावर मिळवली. त्या बाईंच्याच देवाचं नाव घेऊन हा उमेदवार पोरांना उपाशी ठेवत होता!

चेअरमनसाहेबांना सगळं सांगितलं. ते चिडले. "पाळकांच्या शब्दावर शंका? तुम्ही आमच्यातल्या न्हाय, तुम्हाला न्हाय कळायचं."

"भूक कळते की, साहेब. 'चौकशी समाधानकारक' या ओळीखाली माझी सही होणार नाही. हवं तर दुसऱ्याची घ्या."

मी आक्कांना पुन्हा फोन लावला आणि स्पीकर चालू केला. साहेबांनी सगळं ऐकलं. फाईल मिटून ड्रॉवरमध्ये टाकली, माझ्याकडं न बघता.

नेमणूक झाली नाही. पाळकांना मात्र कुणी जाब विचारला नाही. दोन महिन्यांनी आमच्याच सभेत ते सत्यावर तासभर बोलले. लोकांनी हार घातला.

आता शिफारसपत्र आलं, की मी आधी लिहिणाऱ्याची चौकशी करते. सुरुवात स्वयंपाकघरापासून.