पाड न लागणारं फळ

आमच्या गच्चीवर लोखंडी जाळीच्या आत नासपतीचं एक झाड आहे. काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीत माती नाही, म्हणून ते अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलंय. आणि माकडं आहेत, म्हणून जाळी. मुलगी कॉलेजात होती तेव्हा तिने हे कलम हट्टाने आणलं. ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि झाड पहिल्यांदा फळलं ते गेल्या वर्षी. नऊ फळं आली.

ती नऊच्या नऊ मी घालवली. आमचे पूर्वज कोकणातले. काशीत येऊन सात पिढ्या झाल्या, तरी फळ म्हटलं की आमच्या डोक्यात नियम आंब्याचा: एखादं फळ झाडावरच पिकून आपोआप पडलं की पाड लागला, मग बाकीची उतरवायची. वडील रोज सकाळी अंथरुणातून विचारायचे, "पाड लागला का रे?" मी वर जाऊन बघायचो आणि खाली येऊन सांगायचो, "नाही, अण्णा." असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी एक पडलं. मी सगळी उतरवली. बाहेरून पिवळी, देखणी. चिरली तर गाभा तपकिरी आणि लिबलिबीत.

कलम जिथून आणलं होतं तिथल्या माळ्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. "बाबूजी, ये आम थोड़े ही है! पेड़ पर पकाओगे तो अंदर से सड़ेगा."

मग त्याने रीत सांगितली. फळ हिरवं आणि घट्ट असतानाच काढायचं. तळहातावर घेऊन हळूच आडवं करायचं. देठ फांदीपासून सहज सुटला तर तयार, ओढावं लागलं तर नाही. पिकवायचं घरात. रोज देठाजवळ, म्हणजे फळाच्या मानेवर, अंगठ्याने दाबून बघायचं. मान दबली की त्याच दिवशी खायचं. पोट मऊ व्हायची वाट बघितली तर उशीर झाला.

या वर्षी चौदा फळं धरली आणि मुलीला आठवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, आणि तसंही आमच्या गल्लीत गाडी येत नाही. म्हणून बायकोने जायचं ठरलं. मुलीने फोनवर एकच मागितलं, "आई, माझ्या झाडाची नासपती आण. मी अजून चवसुद्धा पाहिलेली नाही."

तिकीट एकच काढलं. माझी आई वारल्यावर वडिलांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही. त्याला अकरा वर्षं झाली. पुढे त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना पलंगही ओलांडता येईना. व्रत त्यांचं, पण मीही अकरा वर्षांत सीमेबाहेर रात्र काढलेली नाही. बँकेतली बढती दोनदा नाकारली, कारण बढतीबरोबर बदली येते. मुलीचं लग्नसुद्धा इथेच लावलं. तिचं घर मी फोनवरच पाहिलंय.

नासपती चुकू नये म्हणून मी आधी दोन फळं उतरवून पाहिली. एक चौथ्या दिवशी दबलं, एक पाचव्या. पहिलं पिकल्यावरच देवापुढे गेलं, कारण वडिलांनी बजावलं होतं, "कच्चं देवाला ठेवू नकोस. आणि हुंगून बघू नकोस, हुंगलेलं चालत नाही." दुसरं आम्ही तिघांनी खाल्लं. वडील म्हणाले, "बरं आहे. पण जे झाडावर पिकत नाही ते फळ कसलं!"

निघायच्या आदल्या दिवशी उरलेल्या बारांपैकी दहांचे देठ सुटले. दोन सुटेनात, ती ठेवली. दहाही वेगवेगळ्या कागदांत गुंडाळली आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाचव्या दिवशी.

"अहो, बाळाच्या दुपट्यांपेक्षा तुमच्या रद्दीचं वजन जास्त झालंय," बायको म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, दगड आहेत नुसते! आईने तुमचं वाचून तीन एकदम चिरली. सुरी अडकली."

"शक्य नाही. मी इथे पिकवून पाहिलीत."

"तिथे! इथे धो धो पाऊस आहे बाबा. आम्ही पंखासुद्धा लावत नाही. आई शाल घेऊन बसलीय."

मी दिवस मोजले होते ते बनारसच्या आषाढातले, जिथे भिंतींनाही घाम येतो. पुण्याची हवा मी हिशेबात धरलीच नव्हती. ती मला माहीतच नव्हती.

सात उरली होती. मी म्हटलं, आता दिवस बघू नका, मान दाबा. मग रोज सकाळी ती फोनसमोर फळ धरायची आणि मी विचारायचो. सहाव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "दबतंय वाटतं. नाही, माझाच अंगठा दबतोय. बाबा, हे तुम्ही करायला हवं होतं." पडद्यावर फळ इतकं जवळ होतं की मी नकळत अंगठा पुढे केला. काचेला लागला.

अकराव्या दिवशी तिने फोन उभा केला आणि चिरलं. रस मनगटावरून ओघळला. ती खातच राहिली. बायको मागून म्हणाली, "अगं, सांग तरी त्यांना!"

"गोड आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "खूप गोड आहे बाबा. तुम्ही या ना. बाळ व्हायच्या आधी या."

"बघतो," मी म्हणालो.

पलीकडच्या खोलीतून वडिलांनी ऐकलं. "जा की! मी काय तुला धरून ठेवलंय? गंगा उशाशी आहे, मला काय होतंय?" ते मनापासूनच म्हणत होते. मग म्हणाले, "जरा इकडे ये. पाठ दुखतेय."

त्यांना कुशीवर वळवायला दोन्ही हात लागतात, म्हणून फोन खिडकीत ठेवला. उशी पाठीशी लावली, गुडघ्यांमध्ये दुसरी ठेवली, पाणी दिलं. परत येऊन बघितलं तर पडद्यावर तिच्या घराचं नुसतं छत दिसत होतं आणि त्या दोघी कुठल्यातरी आतल्या खोलीत हसत होत्या. ती खोली कुठल्या बाजूला असेल ते मला कळेना. थोडा वेळ ऐकत उभा राहिलो, मग फोन बंद केला.