कदमभावजींचा नवा प्रोग्रॅम

दुकानात कागद साठले की रद्दीवाल्याला बोलावता येतं. किस्से साठले की कुणाला बोलवायचं? बरं, त्यांना वजनही नसतं, की चार किलो झाले, आता काढा! एक आठवला की त्याच्या पाठीमागून दुसरा डोकं वर काढतो.

बोरीवली पूर्वेला आमचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. आमच्या ह्यांनी टाकलेलं. आता हे नाहीत, सून विद्या चालवते. मी शाळेची पायरी चढले नाही, पण सगळी हयात छापील कागदांत गेली. अजूनही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून स्टेपल मारते. कोण आलं, काय बोललं, डोक्यात राहतं. नात म्हणाली, "आजी, तू बोल, मी टाइप करते." म्हणून हे.

दुकानातलं तिसरं माणूस म्हणजे कदमभावजी. ह्यांच्या वेळचे टायपिस्ट, मला वहिनी म्हणतात. टाइप करताना स्क्रीनकडे बघायचेच नाहीत! नजर गिऱ्हाइकाच्या कागदावर आणि बोटं आपली चालूच. यंदा विद्यानं कॉम्प्युटरवरचा लिहायचा प्रोग्रॅम बदलला. जुन्यावर लोकांनी फोनवरून पाठवलेल्या फाइली उघडेनात, गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जायला लागलं. मग काय करणार!

पहिल्या दिवशी भावजी स्क्रीनकडे बघतच राहिले. एकही बटण जागेवर नाही.

"वहिनी, कामावरून घरी जावं आणि मोरी हॉलमध्ये, शेगडी बाल्कनीत, असं झालंय हे!"

विद्या म्हणाली, "काका, मी दाखवते ना."

"नको. टायपिंग मी तुझ्या जन्माआधी शिकलोय."

शटर ओढताना मला हळूच म्हणाले, "लग्नसराई संपेपर्यंत बघतो. हात बसला तर बसला. नाहीतर घरी बसतो."

त्यांची बायको गेल्यापासून त्या घरात बोलायला भिंतींशिवाय कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही.

*

हात बसायला किती त्रास होतो, ते मी आधी एकदा बघितलंय. आमच्याकडे टाइपरायटर होता तेव्हा ओळ संपली की घंटी वाजायची, टिंग! मग हे डाव्या हातानं दांडी सरकवायचे, की पुढची ओळ. खडखड खडखड, टिंग! त्या आवाजावर मी दुपारी बाळाला झोपवायची. तोच हा, विद्याचा नवरा.

मग कॉम्प्युटर आला. त्याला ना घंटी, ना दांडी. पण ह्यांचा हात ऐकतो थोडाच? ओळ संपली की डावा हात हवेत झटकायचा आणि तिथं ठेवलेला चहाचा कप थेट जमिनीवर! कप फुटून फुटून मी कंटाळले. एक दिवस गुपचूप कप उजवीकडे ठेवला.

हे चाचपडले, मान वर केली, आणि भडकले ना माझ्यावर!

"मशीन बदललं ते ठीक आहे. निदान चहा तरी जागेवर राहू दे!"

*

नव्या प्रोग्रॅममध्ये म्हणे एका बटणावर बोट पडलं की लिहिलेलं पान बाजूला होतं आणि भलतंच दुसरं पान समोर येतं. हे भावजींना कोण सांगणार? भाड्याचा करार टाइप केला, प्रिंट काढायला ते बटण दाबलं आणि ओरडले, "गेलं!"

विद्या बँकेत गेलेली. गिऱ्हाईक बाकावर बसलेलं. भावजींनी कोरं पान घेतलं आणि अख्खा करार परत टाइप केला. मी बघतेय, कपाळावर घाम.

विद्या आली, तिनं कोपऱ्यातल्या बाणावर टिचकी मारली. पहिला करार जसाच्या तसा हजर! दुसराही हजर!

भावजींचं तोंड उतरलं. गिऱ्हाईक भला माणूस होता. म्हणाला, "बरं झालं काका, मला दोन कॉप्याच हव्या होत्या!"

*

घाटकोपरहून एक जण मुलाच्या लग्नाची पत्रिका करायला आला होता. वरच्या बाजूला पिंपळपानाचं सुंदर चित्र. "काका, पान जरा वर घ्या ना, केसभर."

भावजींनी केसभर वर घेतलं. नव्या प्रोग्रॅमला चित्र हलवलेलं खपत नाही. सगळा मजकूर धडाधड घसरला. नवरा पहिल्या पानावर, नवरी दुसऱ्या पानावर!

बाप स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अहो, एवढ्यात कशाला वेगळे राहतायत? अजून लग्न व्हायचंय!"

*

आमच्या ह्यांची एक पद्धत होती. फाइलला गिऱ्हाइकाचं आडनाव द्यायचं नाही. जाधव किती, पाटील किती, सापडणार कशी? म्हणून माणूस बघून नाव ठेवायचे. 'छत्री विसरणारी'. 'मिशीवाले'. 'तीन जावई'. संध्याकाळी मला विचारायचे, "आज ती बाई आली होती, काय नाव ठेवू?" अर्धी नावं माझीच आहेत.

जुन्या प्रोग्रॅममध्ये ती नावं आत असायची, गिऱ्हाइकाला दिसत नसत. नवा उघडला की आधी उघडलेल्या फाइलींची यादी स्वतःच मांडून बसतो, ही मोठाली! आणि गिऱ्हाईक शेजारीच.

एकदा गावठाणातले डिमेलो अंकल येऊन बसले. चष्मा वर केला, वाचलं.

"कदम, हा 'कटकट्या' कोण रे?"

भावजी खोकले. "आहे एक."

"उघड बघू."

उघडली. क्रूसाच्या सणाचं पत्रक, खाली नाव डिमेलोंचंच! मी घाईघाईनं स्टेपलरमध्ये पिना भरायला घेतल्या. भरलेल्याच होत्या.

डिमेलो हसत सुटले. "अगो बाई, माझी बायको मला घरात हेच म्हणते! तुमच्या मिस्टरांना सांगितलं कुणी?" मग रुमालानं डोळे पुसले. हसूनच पुसले असतील. भावजी नाव बदलायला गेले, तर त्यांचा हात धरला.

"राहू दे रे. त्यानं ठेवलंय ना? राहू दे."

*

या प्रोग्रॅमची मला आवडलेली एकच गोष्ट. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवतो! आतून एक बाई बोलते. आवाज गोड, राग नाही, लोभ नाही. मला फार बरं वाटलं. आयुष्यभर कागद हातातून गेले, आत काय आहे ते पहिल्यांदा कुणाला न विचारता कळलं.

एक भाडेकरू घरमालकाची नोटीस घेऊन आला, उत्तर टाइप करायचं होतं. चष्मा घरी विसरलेला. विद्यानं ती नोटीस स्कॅन करून मशीनला वाचायला लावली. बाई मध घातल्यासारखी बोलली, "आपण सदर जागा त्वरित रिकामी करावी."

तो गालावर हात ठेवून ऐकत बसला. म्हणाला, "परत लावा हो. इतक्या प्रेमानं मला आजवर कुणी हाकललं नव्हतं!"

*

लग्नसराई संपत आली तरी भावजींचा हात काही बसला नव्हता. मी विचारत नव्हते, ते सांगत नव्हते.

अशात कांदिवलीची एक मुलगी आली, अश्विनी नाव. स्थळांना पाठवायला बायोडेटा हवा होता. तिनं स्वतःच सांगितला. "लिहा काका. स्वयंपाक येत नाही, शिकायची घाई नाही. मोटरसायकल चालवते. रविवारी उशिरा उठते." भावजींनी लिहिला.

दुसऱ्या दिवशी आई हजर! "हे काय लिहिलंय? काढा सगळं. लिहा, सुगरण, शांत, मोठ्यांचा मान राखणारी." भावजींनी सगळं खोडून तसं लिहिलं. स्क्रीनवर पान स्वच्छ दिसत होतं. फक्त कडेला एक बारीक लाल रेघ. भावजींना वाटलं काचेला काही लागलंय. रुमालानं पुसून पुसून दमले. मग आईनं सांगितलेल्या मुलाच्या घरी फाइल पाठवून दिली.

खोडलेलं जपून ठेवायचं कुठलंतरी बटण चुकून दाबलं गेलं होतं. मुलाकडच्यांनी फाइल उघडली तर खोडलेलं सगळं जागच्या जागी! 'मोटरसायकल चालवते', त्यावर आडवी लाल रेघ. शेजारी 'शांत'. 'स्वयंपाक येत नाही', वर लाल रेघ. शेजारी 'सुगरण'.

आई दुकानात येऊन किंचाळली, "माझ्या मुलीची वाट लावलीत हो तुम्ही!"

ती गेल्यावर भावजींनी चष्म्याची डबी खिशात टाकली, खुर्चीवरची उशी काखेत घेतली. "वहिनी, येतो."

उशी काखेत घेऊन कोण 'येतो' म्हणतं?

विद्यानं ती खुर्ची रिकामीच ठेवली. फोन केले, ते उचलेनात. दुकानात मशीनची बाई तेवढी बोलायची.

मग एका सकाळी अश्विनी आली, सोबत एक मुलगा. "ते काका कुठायत?"

मी म्हटलं, "का गं, अजून काही बोलायचं राहिलंय का तुझ्या आईचं?"

मुलगाच हसून म्हणाला, "आजी, तो मुलगा मी. मी यांच्या घरी कळवलं, की लाल रेघ मारलेली मुलगी पसंत आहे. ती दुसरी कोण आहे, तिला नाही भेटलो तरी चालेल. आता पत्रिका करायचीय, आणि ती त्याच काकांकडून."

विद्यानं नातीच्या फोनवरून फोन लावला, तेव्हा कुठे भावजींनी उचलला. आले. उशी घेऊनच आले. खुर्चीत ठेवली, बसले, घसा साफ केला.

"सांगा. पत्रिकेत काय लिहायचं?"

अश्विनी म्हणाली, "आईला सगळे मामा, सगळ्या आत्या, वर दोन देव, खाली आग्रहाचं निमंत्रण, सगळं हवंय. आम्हाला चारच ओळी हव्यात. आई सांगेल ते सगळं लिहा, काका. मग आम्ही खोडतो. फक्त खोडलेलं दिसलं पाहिजे!"

भावजींनी त्या मुलाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मग स्क्रीनकडे.

"विद्या, इकडे ये गं जरा. ते लाल रेघेचं बटण कुठंय, दाखव मला."