सहाशे चाळीस गैरहजर

त्या सोमवारी लातूरला भूकंप झाला नाही. तो का झाला नाही, हे शास्त्रज्ञ सांगतील. पण तो झाला असं तीन-चार तालुक्यांना कुणी कळवलं, हे मी सांगू शकतो. मी कळवलं. (एकट्यानं नाही, आम्ही तिघांनी मिळून. बोलणी खायला मात्र मी एकटाच होतो.)

मी तेव्हा लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मुखेडला पिठाची गिरणी. त्या गिरणीच्या पट्ट्यावरच माझी बी.एस्सी. फिरली, हे मी कधी विसरलो नाही. पहिला पगार झाल्यावर मी जिवाचा हिय्या करून म्हणालो, "अण्णा, सारिकालाही बारावीला लातूरला आणू. दहावीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत."

अण्णा आठ दिवस बोललेच नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "ने. पन ध्यानात ठेव बाल्या, पोरीबद्दल एक जरी वंगाळ खबर कानावर आली, तर त्याच दिवशी पोरगी घरी. उदगीरचं स्थळ अजून थांबून हाय."

तेव्हापासून मी भिऊनच होतो. वसतिगृहात सारिका नुसती शिंकली तरी मला उदगीर दिसायचं.

आमचे सर, म्हणजे क्लासचे मालक, त्या उन्हाळ्यात हैदराबादला एक सॉफ्टवेअर कंपनी बघून आले आणि बिघडले. "तिथं साहेब वेगळा बसत नाही! सगळे एका गोल टेबलाभोवती बसतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि त्यातून काहीतरी नवीन निघतं!" दुसऱ्याच दिवशी बंद पडलेल्या एका खानावळीचं गोल टेबल आमच्या खोलीत आलं. खोली लहान, टेबल अवाढव्य. ते मावेना म्हणून कॉम्प्युटरलाच दाराआडच्या कोपऱ्यात हलवलं. म्हणजे कॉम्प्युटर विभागात सगळ्यांना सगळे दिसत. फक्त कॉम्प्युटर कुणाला दिसत नसे.

टेबलाभोवती आम्ही तिघं. प्रोग्रॅम लिहायला मी. यंत्रं जोडायला माजिदभाई. त्यांचं आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मेलेला रेडिओही त्यांच्या हातात गेला की खोकायला लागे. आणि पत्रव्यवहाराला कुलकर्णी मॅडम, ज्यांनी माझ्या रजेच्या अर्जातसुद्धा लाल शाईनं चुका काढल्या होत्या.

एकमेकांच्या तोंडाकडे बघून बघून आम्ही खरंच एक नवीन गोष्ट काढली. दारातल्या मशीनवर विद्यार्थ्यानं अंगठा लावायचा. ज्याचा अंगठा लागला नाही, त्याच्या घरी आपोआप मोबाइलवर मेसेज. त्यासाठी माजिदभाईंनी चार जुने मोबाइल एका पाटीवर रबरानं बांधून कॉम्प्युटरला जोडले. सर हरखून गेले. "पोरगं लातुरात दांडी मारणार आणि हदगावात बापाला कळणार! वा!" मग म्हणाले, "आता प्रत्येकानं यात एकेक सुधारणा करा. सोमवारच्या मीटिंगमध्ये मला चकित करा!"

तिथंच घात झाला. 'एकत्र काम करा' हे आम्ही ऐकलं होतं, पण 'चकित करा' हे जास्त मनावर घेतलं. तिघांनीही आपापली सुधारणा इतकी गुप्त ठेवली, की एकमेकांच्या तोंडाकडे बघूनही काही कळलं नाही.

माझी सुधारणा अशी : अंगठा लागेपर्यंत मेसेज दर पाऊण तासानं जात राहणार.

मॅडमची अशी : तोच मजकूर परत परत जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी तीन वेगवेगळे मजकूर तयार करून कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवले. पहिला, "आपला पाल्य आज वर्गात आलेला नाही." दुसरा, "आपला पाल्य अद्यापही आढळून आलेला नाही." आणि तिसरा, "आपल्या पाल्याबाबत कोणतीही माहिती उपलब्ध नाही. धीर धरावा."

माजिदभाईंची सुधारणा सगळ्यात साधी होती. पोरं सकाळी गाड्यावर चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन यायची आणि त्या तेलकट, पिवळ्या बोटांनी अंगठा लावायची. मशीन रुसायचं. म्हणून सोमवारी पहाटेच माजिदभाईंनी ते दारातून काढलं आणि स्पिरिटनं धुऊन गच्चीवर वाळत घातलं.

सकाळी आठला वर्ग भरले. सहाशे चाळीस मुलं-मुली आत जाऊन बसली. अंगठा एकाचाही लागला नाही. कॉम्प्युटरनं कोपऱ्यात शांतपणे हिशेब केला : सहाशे चाळीस गैरहजर. आणि चारही मोबाइल कामाला लागले.

आम्ही कुठं होतो? तिथंच! चार हातांवर! टेबलाभोवती बसून सरांचं 'आपण आणखी एकजुटीनं कसं काम करावं' हे भाषण ऐकत होतो. मीटिंगमध्ये मोबाइल बंद, हा हैदराबादचाच नियम. बाहेर ऑफिसातला फोन घणघणू लागला. थांबे, पुन्हा घणघणे.

"सर, फोन..." मी म्हणालो.

"बालाजी, हैदराबादला मीटिंगमधून कुणी उठत नाही."

मी बसलो. फोन बिचारा ओरडून ओरडून दमला.

तिकडे मुखेडला काय चाललं होतं, हे मला नंतर कळलं. मेसेज मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. अण्णांना वाचता येईना. तेवढ्यात गहू घेऊन शाळेतले एक गुरुजी आले. अण्णांनी मोबाइल पुढं केला. गुरुजींनी पहिला मेसेज वाचला. "येईल की, उशीर झाला आसंल," अण्णा म्हणाले. दुसरा वाचला. अण्णांनी गिरणी बंद केली. तिसरा वाचायला गुरुजींनी चष्मा पुसला.

"धीर धरावा, म्हणतेत."

"कशाचा?"

"ते न्हाई लिहिलं."

अण्णांनी क्लासला फोन लावला. लागेना. मला लावला, बंद. वसतिगृहाला लावला, लागेना. लागणार कसा? सहाशे चाळीस बाप एकाच वेळी तेच दोन नंबर दाबत होते! पण आमच्या भागात फोन न लागण्याचा एकच अर्थ लोकांच्या मनात बसलेला. त्र्याण्णवच्या भूकंपाला एक तप उलटून गेलं होतं, तरी त्या पहाटेनंतर कुठंच फोन लागत नव्हता, हे कुणी विसरलं नव्हतं. मी स्वतः तेव्हा सातवीत होतो. पुढं कितीतरी महिने आम्ही घर असून रस्त्यावर खाटा टाकून झोपलो.

"फोन लागत न्हाई," अण्णा म्हणाले, आणि गिरणीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"लातूरला पुन्ना झालं की काय वं माय?"

एवढं पुरलं. दहा मिनिटांत जीप भरली.

आता इकडची गंमत. (आज गंमत म्हणतो.) अहमदपूरच्या एका पालकाचा फोन कसाबसा मुलींच्या वसतिगृहाच्या मावशींना लागला. त्यांनी विचारलं, "मावशी, तिकडं भूकंप झाला म्हणं?" मावशी लातुरातच उभ्या होत्या. पायाखाली काही हललं नव्हतं. पण त्यांनी विचार केला, एवढ्या लांबून माणूस विचारतोय, म्हणजे टीव्हीवर सांगितलं असणार. आपल्याला कळायचं राहिलं असेल! आणि त्या ओरडत बाहेर आल्या, "पळा ग पोरींनो, पळा!"

पळायला लातूरकरांना दुसरं कारण लागत नाही. मावशींना बघून किराणा दुकानदार पळाला, त्याला बघून गिऱ्हाइकं पळाली, आणि क्लासच्या खिडकीतून हे बघून सगळ्या वर्गांतले विद्यार्थी एका दमात जिना उतरून समोरच्या मैदानात गेले. जिन्यावरच्या त्या पावलांनी आमचं टेबल थरथरलं.

"हललं!" मॅडम किंचाळल्या.

सरकारी पत्रकात सांगितल्याप्रमाणे मॅडम टेबलाखाली गेल्या. पाठोपाठ सर, मग माजिदभाई. त्या टेबलाशी सगळे खऱ्या अर्थानं एकत्र आले ते त्या दिवशी.

आणि मी? मी उठलो तेवढ्यात दाराआडच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नजर गेली. 'गैरहजर : ६४०. मेसेज पाठवले : १९२०.' मला एका क्षणात सगळं कळलं. भूकंप नाही, आपला प्रोग्रॅम आहे, हे त्या घडीला अख्ख्या लातुरात मला एकट्याला माहीत होतं.

तरी मी पळालो! कॉम्प्युटर बंद न करता पळालो. जिन्यात दोघांना ओलांडून पळालो. शिक्षण डोक्यात असतं, भीती पायात. पाय आधी निघतात.

मैदानात पोचल्यावर धाप लागली आणि दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा मोठी. सारिका कुठं आहे? मी मैदान दोनदा पालथं घातलं. वसतिगृहात गेलो, रिकामं. तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, "ती मधल्या सुटीतच कुठं तरी गेली." कुठं? "काही बोलली नाही. तुमच्यावर चिडली होती."

परत आलो तर माजिदभाई कॉम्प्युटरसमोर उभे. मी म्हणालो, "माजिदभाई, बंद करा ते, वर्गात कुणीच नाही!"

"वोईच तो बोलरी ना मशीन!" ते म्हणाले. "सुबह झूठ बोलरी थी बालाजी, अब देखो, एकदम बराबर!"

मला हसू आलं नाही. सहाशे एकोणचाळीस पोरं मैदानात डोळ्यांसमोर होती. खरी गैरहजर एकच, आणि ती माझी बहीण.

दुपारी एकच्या सुमाराला मुखेडची जीप मैदानाच्या तोंडाशी आली. तोपर्यंत 'काही झालेलं नाही' असं म्हणून निम्मे लोक घरी परतायला लागले होते. जीपमधून अण्णा उतरले आणि सगळे जागच्या जागी थबकले. गिरणीतून तसेच निघालेले अण्णा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होते. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, डोळे तेवढे लाल.

"अरे देवा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "हे तर ढिगाऱ्यातून निघालेत!"

"पाव्हणं, कुठलं गाव गेलं हो?"

परतणारे लोक पुन्हा मैदानात येऊन बसले.

अण्णा सरळ माझ्यापुढं आले. आवाज अगदी हळू. "सारिका?"

मला मॅडमचा तिसरा मजकूर तेवढा आठवला, आणि आधीच घाबरलेला माणूस कसा बोलतो ते बघा. मी तोच म्हणालो. "अण्णा... धीर धरा."

अण्णा मटकन खाली बसले. त्यांच्या अंगावरचं पीठ हवेत उडालं. त्या घटकेला मला उदगीर नको होतं, नोकरी नको होती, काही नको होतं. फक्त ती दिसायला हवी होती.

तेवढ्यात बसस्टँडच्या रस्त्यानं चाळीस-पन्नास माणसं येताना दिसली. धोतरं, नऊवारी लुगडी, हातात पिशव्या. आणि सगळ्यांच्या पुढं सारिका!

झालं होतं असं. शेजारच्या मुलीला मोबाइलवर घरून निरोप आला, "तू वर्गात नाहीस म्हणं." ती तर बाकावर बसलेली. मग आणखी दोघींना तसाच. सारिकाच्या लगेच लक्षात आलं : हे दादाचं काम. घाबरलेले आईबाप एसटीनंच येणार, म्हणून ती मधल्या सुटीत उठून बसस्टँडवर गेली, चौकशी खिडकीतल्या कंट्रोलरला समजावून सांगितलं आणि त्यांच्या भोंग्यावरून बोलली, "मुखेड, हदगाव, अहमदपूरहून आलेल्या पालकांनी घाबरू नये. भूकंप झालेला नाही. मुलं सुखरूप आहेत. क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे." मग एकेका बसमधले पालक गोळा करून ती त्यांना घेऊन आली होती.

अण्णा उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांवर पाच बोटं पांढरी उमटली.

"भ्याली न्हाईस?"

"भ्याले की. म्हणून तर काहीतरी करायला गेले."

मग अण्णा माझ्याकडे वळले. "अन् तू काय करून राहिला होतास?"

"मी... मैदानात होतो."

"हाव हाव," क्लासचा वॉचमन मोठ्या कौतुकानं म्हणाला, "स्टाफात सगळ्यात आगुदर हेच आले मैदानात! काय पळतेत साहेब!"

सर हात जोडून पुढं आले. "चूक आमची आहे. तुम्ही मुलीला घेऊन जाणार असाल तर आम्ही काय बोलणार."

सारिकानं मान खाली घातली.

"पोरीला कामून नेऊ?" अण्णा म्हणाले. "पोरगी हितंच ऱ्हाईल अन् पाहिजे तेवढं शिकंल. उदगीरला मी सांगतो काय सांगायचं ते." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. मी निरोप द्यायला जवळ गेलो, तर मला ओलांडून सारिकालाच म्हणाले, "बाई, जप."

गावी पोचल्यावर गिरणीवर बायकांनी अण्णांना घेरलं. "अगा, असल्या शहरात पोरीला एकटीला ठिवून आलाव?"

"एकटी कशाची?" अण्णा पट्टा चढवत म्हणाले. "तिच्या भरवशावर पोरगा बी तिथंच सोडून आलो की!"