हबीब सरांनी न घासलेला जोड

हबीब सौदागर सरांची आणि माझी पहिली भेट लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील त्यांच्या कारखान्यात झाली. मी मुखेडहून मुलाखतीला आले होते. समुद्रतळावरच्या तेलविहिरींच्या झडपा नळांशी सांधणारे पोलादी जोड तिथे तयार होतात. कारखान्याच्या जाहिरातीतला कार्बन कमी करण्याचा दावा आठवून मी जरा धीटपणेच विचारले, "सर, तेल काढायला मदत करायची आणि वर कार्बन कमी करतो म्हणायचं, हे कसं?"

सर रागावले नाहीत. "तेल उद्याच बंद होणार न्हाई, बाई. तोवर धूर तरी कमी करू," म्हणाले आणि मला कामावर घेतले.

त्यांचे म्हणणे असे की, प्रत्येक कंपनी वेगळ्या मापाचा जोड मागवते. एक बिघडला की दुसऱ्याचा चालत नाही. पुन्हा पोलाद वितळवा, पुन्हा घडवा. तोवर जहाज डिझेल जाळत उभे. सर्वांनी एकच माप धरले तर हे टळेल. हे पटवण्यात सरांची उमेदीची वर्षे गेली. अखेर दोन कंपन्या तयार झाल्या.

पहिल्या जोडाची दाबचाचणी मी विसरू शकत नाही. बंदरात जहाज खोळंबलेले, इथे कारखान्यात समोर त्यातल्या एका कंपनीचे अधिकारी. दाबमापकाचा काटा वर चढला, थांबला आणि हळूहळू खाली येऊ लागला. जोड गळत होता.

"कडा घासून बसवा," अधिकारी म्हणाले. "आमच्यापुरतं माप बदललं तर काय बिघडतं?"

फोरमन शिवाप्पा सरांच्या कानाशी लागले, "सर, हो म्हणा. ऑर्डर गेली तर कारखान्याला कुलूप लागंल."

सरांना घाम फुटला होता. "न्हाई. आज घासला तर हा दुसरीकडं कुठंच बसणार न्हाई. मग इतके दिवस आपण काय करून राहिलो?"

त्यांनी तिथूनच दुसऱ्या कंपनीला फोन करून परवानगी घेतली आणि तिच्यासाठी बांधून ठेवलेला त्याच मापाचा जोड मागवला.

"हाही गळला तर?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"तर माझंच चुकलं. तसं मीच सगळ्यांना सांगेन."

बोल्ट आवळले गेले. दाब चढला. शिवाप्पा हातातले फडके पिळत राहिले. मला काट्याकडे बघवेना. चाचणीची मुदत संपली तरी काटा जागचा हलला नव्हता. सर मटकन खुर्चीत बसले. जोड त्याच संध्याकाळी बंदराकडे निघाला.

त्यानंतर काही महिन्यांनी नांदेडला माझ्या वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. सर उदगीरच्या आपल्या घरून एसटीने आले आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत आईजवळ बसून राहिले. आई आजही सांगते, "तुझे साहेब लई बोलले न्हाईत, पण उठलेबी न्हाईत."

आज सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. कित्येक कंपन्या अजून आपल्या मापाचा हट्ट सोडत नाहीत. त्यांच्याशी होणाऱ्या पुढच्या बैठकीतही कदाचित नकारच मिळेल, तरी सरांनी तिकीट काढले आहे. परवरदिगार त्यांना प्रवासासाठी धडधाकट गुडघे आणि भांडायला खणखणीत आवाज देवो, आणि हे भांडण जिंकल्यावरही पुष्कळ वर्षे त्यांना निवांत जगू देवो.