दोनशे चाळीस पावलं

आमच्या भिंगरीला एका जागी बसलेला पाहिलाय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. शाळेत गुरुजींनी त्याला तासभर बाक न सोडण्याची शिक्षा दिली, तर पठ्ठ्या बाकासकट व्हरांड्यात. स्वतःच्या लग्नात नवरा गायब! शोधलं तर हा पाहुण्यांना पाणी वाटत हिंडतोय. पुढं टपाल खात्यानं त्याचे पाय बरोब्बर ओळखले आणि पस्तीस वर्षं घरोघरी पायी फिरवलं. मी त्याचा बालमित्र, म्हणजे साठ वर्षं त्याच्या मागं धापा टाकत पळणारा.

पण गेल्या महिन्यातली त्याची वळवळ मात्र नेहमीची नव्हती. जेवण उभ्यानं, झोप नाही, बोलता बोलता उठून चालू लागायचा.

कारण होतं गावाबाहेरचं ते जुनं विमानतळ. लढाईच्या काळात बांधलं, लढाई संपली तसं सोडलं. धावपट्टीच्या भेगांतून कंबरेएवढं गवत, विमानं बांधायच्या लोखंडी कड्या गंजलेल्या, आणि टेहळणीचा मनोरा असा की जिना गळून गेलेला, खालची एक पायरी तेवढी शिल्लक. भिंगरीचे वडील, म्हणजे अण्णा, तिथं मजूर होते. जमिनीत पुरलेल्या टाकीतून पेट्रोल काढायचं आणि दोन हातांत दोन डबे धरून मनोऱ्यापाशी नेऊन द्यायचं. लढाई संपल्यावर टाकी तशीच भरलेली राहिली. वर माती लोटली आणि सगळे आपापल्या वाटेनं गेले.

अण्णा सांगायचे, "पायरीपासून टाकी पट्टीच्या डाव्या कडेनं दोनशे चाळीस पावलं. मोजत आलो म्हणून हात तुटले नाहीत."

भिंगरीनं ती पावलं चाळीस वर्षांत किती वेळा मोजली असतील! दोनशे चाळिसाव्या पावलाला माती, मुरूम आणि एकदा एक रागावलेला सरडा. टाकी नाही.

आता तिथं घरं उठणार होती. सोमवारी सकाळी दहाला खोदाई. आणि खोदणाऱ्या मशीनवर कोण बसणार? भिंगरीचा जावई. लेक नवऱ्यावर जीव टाकणारी, आणि मशीनचा दात टाकीवर बसला की भडकाच. आता सांगा, बापाला झोप कुठून येणार?

सोमवारी आठलाच आम्ही तिथं. इंजिनिअर साहेब पोरगेलेसे, पण बोलायला नम्र.

"काका, नकाशात टाकी नाहीये."

"नकाशा काढणाऱ्यानं डबे वाहिले होते का?"

"मग जागा दाखवा. लगेच थांबवतो."

तिथंच तर घोडं अडलेलं. भिंगरी पायरीवरून निघाला, दोनशे चाळीस मोजली, पहार खुपसली. मुरूम. पुन्हा पायरी. पुन्हा मुरूम. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा जावयानं मशीनवरून हाक दिली,

"मामा, फिरायचंच असेल तर येताना रेडिएटरला पाणी तरी आणा! टँकर मनोऱ्यापाशीच आहे."

"जावईबापू, जीव वाचवतोय तुमचा!"

"वाचवा, पण गवत साफ करूनच मशीन तापलंय."

साडेनऊ वाजले होते. भिंगरी चडफडत गेला, दोन डबे भरले. एक मला देईल तर शपथ. आम्ही पट्टीच्या कडेनं निघालो. थोडं चालल्यावर मागून धापा ऐकू आल्या. वळून बघतो तर हा माझ्या मागं! साठ वर्षांत पहिल्यांदा.

"काय रे, म्हातारा झालास? मी पुढं कसा?"

"डबे धर म्हणजे कळेल. वजनानं पाऊल पडत नाही, तर..."

आणि तो थांबला. आपल्याच पायांकडं बघू लागला. मग डब्यांसकट मागं पळाला, पळाला म्हणजे हेलपाटत, थेट पायरीपर्यंत.

"अरे, अण्णांनी मोजली ती भरल्या हातांनी! मी जन्मभर रिकामा चालतोय!"

एक, दोन, तीन. इवलीइवली पावलं, डब्यांतून पाणी हिंदकळतंय, मी शेजारून मोजणी धरलेली. शंभर. दोनशे. नेहमीची जागा अजून लांब, आणि समोर आलं खोदाईच्या मजुरांना चहा देणाऱ्या मावशीचं छप्पर. दोनशे अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. भिंगरीच्या पायाशी मावशीचा स्टोव्ह, चांगला भडकलेला.

"मावशी, स्टोव्ह विझव!"

"चहा कच्चा राहील."

"राहू दे! नाहीतर आपणच शिजू!"

त्याचा चेहरा बघून मावशीनं आधी विझवला आणि मग शिव्या दिल्या. मी पहार उचलली, तर हा ओरडला, "लोखंड नको, ठिणगी उडेल!" मग मी छपराची एक लाकडी खुंटी उपसली आणि गुडघ्यांवर बसून उकरू लागलो. हातभर खाली गंजलेलं झाकण लागलं. कडेची माती सरकली आणि असा वास आला की डोकं गरगरलं. इतकी वर्षं बंद असलेलं पेट्रोल.

"साहेब!" मी बोंबललो.

साहेब पळत आले, वास घेतला आणि पांढरे पडले. सगळ्यांना मागं हटवलं, कुठं कुठं फोन लावले. भिंगरी मात्र हलेना. दोन्ही हातांत डबे तसेच, आणि पाय जमिनीला खिळलेले. म्हणे, जागा सुटली तर पुन्हा सापडायची नाही. अरे, समोर झाकण दिसतंय! पण ऐकेल तो भिंगरी कसला.

जावई मशीनवरून उतरून आला. झाकणाकडं बघितलं, आपल्या मशीनकडं बघितलं. म्हणाला, "मामा, द्या डबे इकडं."

"आधी मशीनची चावी."

जावई गेला, चावी काढून आणली. सासऱ्याचे हात गुंतलेले, म्हणून त्यानं ती सासऱ्याच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला.

तेव्हा कुठं भिंगरीनं डबे खाली ठेवले.